उतरलेला खांदा

शालन आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहते, मी तिसऱ्या. गणपतीच्या दिवसांत तिच्याकडे जायचं तर आधी विचारून जावं लागायचं, कारण गौरी येणार म्हटलं की ती घरात सापडायचीच नाही. डोंबिवलीतल्या पाथर्लीपासून कल्याणच्या पारनाक्यापर्यंत लोक तिला गौरी उभ्या करायला बोलवायचे. लोखंडी स्टँड, त्यावर कापडाचं भरलेलं धड, वर मुखवटा, आणि मग नऊवारी नाहीतर सहावारी साडी. बघता बघता त्या सांगाड्याची बाई व्हायची. घरातल्या मोठ्या माणसांचेसुद्धा हात आपोआप जोडले जायचे.

आमच्याकडे माहेरी आणि सासरीही खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरून खडे आणायचे, तांदळावर मांडायचे, संपलं. त्यामुळे उभ्या गौरींमधलं जे काही मला कळतं ते शालनमुळे. ती मूळची फलटणकडची. लग्न होऊन इकडे आली, नवरा कोलशेतच्या एका कारखान्यात होता, तो मुलगा लहान असतानाच गेला. साड्यांना फॉल-पिको करणं, ब्लाउज शिवणं आणि वर्षातून एकदा गौरी, यांवर तिने संसार ओढला. गौरीला साडी नेसवताना ती तिच्याशी बोलायची.

"सरळ उभी राहा गं. पोक काढू नकोस, सासरी आलीयस का?"

मग माझ्याकडे वळून म्हणायची, "ताई, निऱ्या कुणालाही येतात. खरं काम खांद्याचं. खांदा बसला की बाई उभी राहिली."

तिचा मुलगा मयूर. त्याला मी पाळण्यात पाहिलेला. खोपटला एसटी डेपोच्या मागे एक लहानशी पर्यटन कंपनी होती, तिथे तो लागला. सुरुवातीला अष्टविनायक आणि काशी-गया. नंतर त्याच्याच डोक्यातून एक वेगळी कल्पना निघाली आणि ती चांगलीच चालली. जगातल्या अंगावर काटा आणणाऱ्या जागा लोकांना दाखवायच्या. अणुभट्टीच्या स्फोटानंतर ओस पडलेलं युक्रेनमधलं शहर, माणसांच्या हाडांनी सजवलेलं चेक देशातलं चर्च, झाडाझाडाला मोडक्या बाहुल्या टांगलेलं मेक्सिकोतलं बेट, तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटात वर्षानुवर्षं जळत असलेलं विवर. तो जाऊन आला की शालन आम्हा दोघींना चहा करायची आणि तो आम्हाला फोनवर फोटो दाखवायचा.

"पैसे भरून घाबरायला जातात?" शालन विचारायची. "माझ्या सासूकडे पाठवायचं होतंस. घरच्या घरी सोय झाली असती."

"आजीला तिकीट लावलं असतं तर आपण पालावा सिटीच्या टॉवरमध्ये राहत असतो, आई," तो म्हणायचा.

प्रत्येक वेळी निघताना ती त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवायची. तो ते चाटून हात पँटला पुसायचा आणि शिव्या खायचा. पाठीवरची सॅक तो नेहमी एकाच खांद्यावर घ्यायचा, डाव्या. "दोन्ही खांद्यांवर घे रे, वाकडा होशील," हे तिचं शेवटचं वाक्य ठरलेलं, आणि "झालोच आहे," हे जिन्यातून येणारं त्याचं उत्तर. तो खरंच थोडा वाकडा झाला होता. लांबून रस्त्याने येताना चेहरा दिसायच्या आधी त्याचा उतरलेला डावा खांदा ओळखू यायचा.

एकदा त्याने जपानहून फोटो पाठवले. शिकोकू बेटावर डोंगरात एक गाव आहे. तिथली माणसं शहरांत निघून गेली किंवा म्हातारी होऊन वारली. मग गावातल्याच एका बाईने गेलेल्या माणसांच्या मापाच्या कापडी बाहुल्या करून त्यांच्या त्यांच्या जागी बसवायला सुरुवात केली. बस थांब्यावर, शेताच्या बांधावर, बंद पडलेल्या शाळेत. मयूरने खाली लिहिलं होतं, 'आई, इथे एक बाई तुझंच काम करते. फक्त ती देव बसवत नाही, माणसं बसवते. तुला घेऊन येणार एकदा.'

शालनने तो फोटो मोठा करून करून पाहिला. "खांदे चांगले केलेत बाईनं," म्हणाली.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये मयूरला ताप आला. सहली बंदच होत्या, तो घरीच होता. शालनलाही ताप होता, तिला आतल्या खोलीत वेगळं ठेवलं होतं. त्याची ऑक्सिजनची पातळी उतरली तेव्हा रुग्णवाहिका बोलावली. मी जिन्याच्या वरच्या वळणावरून पाहत होते. तो स्वतःच्या पायांनी जिना उतरला. तोंडावर मास्क, डाव्या खांद्यावर सॅक. शालन घराच्या दारात आली होती. तिच्या हातात दह्याची वाटी होती, पण पांढऱ्या पोशाखातल्या माणसाने तिला हातानेच थांबवलं. मयूर म्हणाला, "राहू दे गं आता. आल्यावर खातो."

ठाण्याच्या रुग्णालयातून तो परत आला नाही. त्या दिवसांत कुणाचंच कुणी परत मिळत नव्हतं. चेहरा पाहायला मिळाला नाही, हात लावायला मिळाला नाही. नंतर एका मडक्यात अस्थी आल्या. ती वाटी ओट्यावर तशीच होती. मी धुवायला घेतली तर शालन म्हणाली, "ताई, नको. तो म्हणालाय."

त्यानंतर तीन वर्षं तिने आपल्या घरच्या गौरी कशाबशा बसवल्या, दुसऱ्यांच्या उत्तम बसवल्या. बोलणं कमी झालं. गौरींशीही ती बोलेनाशी झाली.

मग कंपनीतला मयूरचा सोबती धम्मपाल एके दिवशी घरी आला. कंपनी जपानची सहल पुन्हा काढत होती आणि मयूरच्या आईने यावं अशी सगळ्यांची इच्छा होती. शालन तशीच तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडे आली.

"ताई, तुम्ही येता का? मला इंग्रजी येत नाही."

"अगं, जपानात इंग्रजीचा काय उपयोग?"

"मग नुसत्या या. सोबतीला."

मी गेले. नागासाकीजवळ समुद्रात एक बेट आहे, कोळशाची खाण बंद झाल्यावर एका फटक्यात रिकामं केलेलं. सिमेंटच्या चाळी, फुटक्या खिडक्या, त्यांतून दिसणारं आभाळ. आमच्या बसमधली माणसं उत्साहाने घाबरत होती. धम्मपाल माइकवर सांगत होता, "नीट ऐका, भिंती काहीतरी सांगतात." शालन माझ्या कानाशी म्हणाली, "हे वाक्य मयूरचं आहे. घरी आरशासमोर पाठ करायचा."

दोन दिवसांनी त्या बाहुल्यांच्या गावी पोचलो. बस थांबताच एक बाई किंचाळली, कारण रस्त्याच्या कडेला जे म्हातारं जोडपं बसलं होतं ते आमच्याकडे बघत होतं आणि त्यांच्या डोळ्यांच्या जागी बटणं होती. मीही दचकले, खोटं कशाला सांगू. वाऱ्याने त्यातल्या म्हातारीची बाही हलत होती. गावात जिवंत माणूस दिसायला बराच वेळ लागला. बाहुल्या करणारी बाई त्या दिवशी नव्हती.

मी शाळेत शिकत होते तेव्हा कॉन्व्हेंटच्या जिन्यापाशी निळ्या झग्यातली मेरीची माणसाएवढी मूर्ती होती. परीक्षेच्या दिवशी आम्ही सगळ्या, कोणत्याही धर्माच्या, तिच्या पायाला बोट लावून जायचो. तिची भीती कधी वाटली नाही. मग इथे का वाटते, हा विचार करत मी शालनला शोधत होते. ती बस थांब्यावर सापडली. रेनकोट घातलेल्या एका पुरुषाच्या बाहुलीशेजारी, बाकावर, बस येणार असल्यासारखी बसलेली.

"याचा खांदा उतरलाय," ती म्हणाली. सवयीने तिचा हात तो सारखा करायला गेला आणि मध्येच थांबला. "असू दे. तो माणूसच तसा असेल."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "ताई, यांना पाठवतात कधी?"

"कुणाला?"

"यांना. बसवलंय ना? मग उठवायचं कधी? आपली गौर तिसऱ्या दिवशी जाते. यांचं काय?"

मी धम्मपालला विचारलं. तो म्हणाला, पाठवत वगैरे नाहीत, कापड कुजलं की त्याच माणसाची नवी बाहुली करतात. हे मी शालनला सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जो उजेड आला तो मी तीन वर्षांत पाहिला नव्हता.

"म्हणजे जातच नाहीत," ती म्हणाली.

परत आल्यावर पुढच्या संक्रांतीला मी तिच्याकडे तिळगूळ द्यायला गेले, तर गॅलरीत खुर्चीमागे मयूर उभा होता.

तिच्याकडच्या दोन गौरींच्या स्टँडपैकी एक तिने घेतला होता. पक्कडीने डावा खांदा खाली वाकवला होता. कापूस भरलेलं अंग, त्याचा निळा चौकडीचा शर्ट आणि पँट, हातांच्या जागी शिवलेले पंजे, प्रत्येक बोट वेगळं. खांद्यावर सॅक. डोक्यावर काळ्या लोकरीचे केस, बाजूला भांग. कपाळ, भुवया, डोळे, सगळं रेशमाने भरलेलं. आणि डोळ्यांच्या खाली मास्क.

माझ्या हातातला तिळगुळाचा डबा खाली पडला. शालनने शांतपणे लाडू गोळा केले.

"मास्क कशाला घातलास गं?" मला एवढंच सुचलं.

"तोंड जमत नाही, ताई. डोळ्यांपर्यंत सुई सरळ चालते. तोंडापाशी आलं की तो जाताना दिसतो, आणि जाताना तोंड झाकलेलंच होतं."

आमच्या इमारतीतली पहिल्या मजल्याची गॅलरी रस्त्यावरून थेट दिसते. आधी दूधवाल्याने विचारलं, मग इस्त्रीवाल्याने. दुसऱ्या मजल्यावरच्या ऐश्वर्याची सान्वी शाळेतून येताना डोळे मिटून, आईचा हात धरून जिना चढायला लागली. ऐश्वर्या माझ्याकडे आली. "काकू, मला शालनकाकूंचं कळतं हो. पण पोरगी एकटी बाथरूमला जात नाही. मी काय करू?" तिचं काही चुकीचं नव्हतं.

सोसायटीचा सेक्रेटरी साईनाथ तसा सरळ माणूस. मला मध्ये घेऊनच तो शालनकडे गेला.

"मावशी, गॅलरीतून आत तरी घ्या. लोक काय काय बोलायला लागलेत. परवा आमचा मेहुणा आलेला, गाडी लावता लावता ठोकलीन ना त्याने गेटला!"

"गाडी त्याने ठोकली, आणि उठायचं मयूरने?"

"उठायचं काय मावशी, उचलायचंय फक्त. सांगा, मी उचलतो."

"साईनाथ, तुझ्याकडे गणपती येतो ना?"

"दीड दिवसाचा. पिढ्यान् पिढ्या."

"एकदा बसवला की उत्तरपूजेआधी उचलतोस?"

राजापूरचा माणूस तो, या प्रश्नाला त्याच्याकडे एकच उत्तर होतं. "नाय," तो म्हणाला, आणि त्यानेच विचारलं, "मग उत्तरपूजा कधी करताय?"

"ते ठरलेलं नाही," शालन म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

मे महिन्यात कुणीतरी खालून मोबाईलवर त्याला टिपलं. व्हिडिओला नाव होतं, 'डोंबिवलीची भुताची गॅलरी'. मागे कुत्री रडल्याचा आवाज घातलेला. मग शनिवार-रविवार माणसं यायला लागली. ठाण्याहून, बदलापूरहून, आंबिवलीहून. समोरच्या फुटपाथवर उभी राहून पाठमोरी फोटो काढायची, गॅलरी मागे यावी म्हणून खांदे तिरके करायची. जिथे जायला मयूर लोकांना तिकिटं काढून द्यायचा, तसलीच एक जागा त्याच्या आईचं घर झालं होतं. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. तिला ते माझ्याआधी कळलं असणार.

श्रावण लागला तसे तिला फोन यायला लागले. दर वर्षी तिला गौरींसाठी बोलावणारी घरं एकेक करून कळवू लागली. कुणाची सून आता स्वतः शिकली होती, कुणी शिवलेली तयार साडी आणली होती. पारनाक्याच्या विमलाबाईंनी तेवढं स्पष्ट सांगितलं. "शालन, राग मानू नकोस. तुझा हात त्याला लागतो, मग देवीला लागणार. घरात गरोदर सून आहे." शालन फोनवर "बरं, बरं" म्हणत राहिली. फोन ठेवून झाल्यावरसुद्धा एकदा म्हणाली, "बरं."

गणपती बसले त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी खाली कठड्यावर बसलो होतो. तीन-चार कॉलेजची मुलं आली. त्यातल्या एकाने शालनला, तिलाच, विचारलं,

"मावशी, तो वरचा भाई हलतो का? म्हणजे रात्री वगैरे?"

दुसरा हसायला लागला. मला वाटलं ही आता रडेल किंवा ओरडेल. पण ती त्याला घरच्या मुलाला सांगावं तसं सांगायला लागली. "हलत नाही रे बाळा. आपण हलवल्याशिवाय कसा हलेल?"

मुलं गेली. शालन तिथेच बसून राहिली. तिच्या हातातल्या दुर्वांची जुडी करायची राहिली होती, ती तशीच राहिली.

पाठवणीच्या दिवशी उत्तरपूजा झाली की मूर्ती जागेवरून जराशी हलवतात. तेवढं केलं की देव गेला, उरते ती माती. गौरीचंही तसंच. हे आपण सगळेच दर वर्षी करतो आणि कुणी त्यात काही बघत नाही.

गौरी यायच्या त्या सकाळी तिने माझी बेल वाजवली. डोकं न्हालेलं, धुतलेली साडी.

"ताई, खाली येता? एकटीला धरवणार नाही."

मला कळलं. तिच्या घरात ज्येष्ठा उभी राहणार होती त्या स्टँडशेजारी जागा रिकामी होती आणि कनिष्ठेचा स्टँड गॅलरीत होता. जिना उतरता उतरता मी म्हटलं, "शालन, दुसरा स्टँड आणू या ना. फडके रोडला आत्ता मिळेल. त्याला राहू दे."

ती पायरीवर थांबली. "मिळेल हो. मीच कितीजणींना आणून दिलेत." मग कठडा धरून म्हणाली, "तिकडच्यांना पाठवायची रीतच नाही, ताई, म्हणून ते राहतात. मला रीत ठाऊक आहे. ठाऊक असून केली नाही तर तो नुसता अडकलाय की नाही? ना घरात, ना बाहेर. येणारे-जाणारे फोटो काढतात त्याचे."

गॅलरीत तिने पाट मांडला होता, समई लावली होती. ओट्यावरची ती वाटी घासून चकचकीत केलेली, तीत दही-साखर. मी मागून स्टँड धरला. तिने आधी अक्षता वाहिल्या आणि मग दोन्ही कानांवरून मास्कच्या दोऱ्या काढल्या.

मास्कखाली तोंड होतं. पहाटे उठून शिवलं होतं म्हणे. हसताना मयूरचा डावा गाल वर जायचा. हिने शिवताना उजवा वर गेला होता.

"जमलं?" तिने विचारलं.

"जमलं गं," मी म्हटलं.

तिने दही त्याच्या कापडी तळहातावर ठेवलं. कापूसच तो, ते हळूहळू आत मुरत गेलं, साखर तेवढी वर राहिली. ती पाहत होती. मग तिने त्याचा हात आपल्या पदराने पुसला, म्हणाली, "सावकाश जा. सॅक दोन्ही खांद्यांवर घे," आणि दोन्ही हातांनी स्टँड एवढासा, फरशीच्या एका रेघेइतका, पुढे सरकवला.

मला काहीच वेगळं दिसलं नाही. तोच शर्ट, तेच केस. पण शालन मटकन खाली बसली आणि पहिल्यांदाच, चार वर्षांत पहिल्यांदा, मोठ्याने रडली. खाली साईनाथ उभा होता. त्याने रस्त्यावरच्या माणसांना पुढे जायला सांगितलं आणि स्वतः पाठ करून उभा राहिला.

दुपारी तिने टाके उसवले. कापूस उशीत भरला, शर्ट धुऊन वाळत घातला. संध्याकाळी दोघी गौरी आत आल्या. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य झाला आणि हळदीकुंकवाला बायका बोलावल्या होत्या. पूर्वी तिच्या दारात चपला मावायच्या नाहीत. या वेळी ऐश्वर्या आली, सान्वीला घेऊन, आणि साईनाथची बायको. विमलाबाई आल्या नाहीत. शालन दोन-तीनदा गॅलरीत जाऊन रस्ता बघून आली.

सान्वी गौरींसमोर बराच वेळ उभी होती. "आई, ही छोटी गौर अशी का उभी आहे?"

ऐश्वर्याने पाहिलं. "काकू, हिचा डावा खांदा उतरलाय वाटतं. तुमच्याकडून कसं राहिलं? सरळ करू का मी?"

स्टँड वाकवलेला होता तो वाकवलेलाच होता. पक्कड ओट्याखालीच होती, सरळ करायला वेळ लागला नसता.

"नको," शालन म्हणाली. ती सान्वीच्या कपाळाला कुंकू लावत होती, तिने वर पाहिलंही नाही. "लांबून आलीय. सामान जड होतं."